झियादावहिनीचं रान

माझ्या थोरल्या भावानं जे रान तोडलं, ते माझ्या वहिनीनं परत लावलं. गावातले लोक हे एका वाक्यात सांगून मोकळे होतात. माझं घर भावाच्या घराला लागून आहे, म्हणून मला तेवढ्यावर थांबता येत नाही.

एरेजेपदादाकडं तेव्हा जुना ट्रक होता. रशियाचं जुनं राज्य मोडलं आणि पुढच्या हिवाळ्यांत आमच्या कोसकुडूक गावाला गॅस येईना. म्हातारी माणसं कानटोप्या घालून झोपायची. दादा किझिलकुमच्या वाळवंटात जाऊन साक्सौल या वाळवंटी झाडाची लाकडं भरून आणायचा. साक्सौल कुऱ्हाडीला दाद देत नाही, पात्याचाच टवका उडतो. म्हणून तो बुंध्याला साखळी अडकवून ट्रकनं ओढायचा, मुळासकट. त्याचे निखारे सकाळपर्यंत धगधगायचे. गाव त्याला दुवा द्यायचं. आमची आई गेली ती उबेत गेली, हेही खरंच.

सहा हिवाळ्यांत रान संपलं. मग वाळू सुटली. आधी मेंढवाडा बुडाला, मग एक विहीर, मग शाळेची भिंत खिडकीपर्यंत. ज्यांनी दुवा दिला होता, तेच आता दादा दिसला की मान फिरवायचे. त्यानं ट्रक विकला आणि तो रशियात बांधकामावर गेला.

"दोन वर्षांत येतो," म्हणाला.

नऊ वर्षं गेली. कागदपत्रांची अडचण, असं तो सांगायचा. रविवारी दुपारी फोन करायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, "वाळू कुठवर आली?"

"आहे तिथंच आहे," वहिनी सांगायची. मग जेवलात का, थंडी किती, पाठ कशी आहे. फोन बंद झाला तरी ती तो हातात धरून बसायची.

बायका काय गप्प बसतात? विहिरीवर एकजण म्हणाली, "नऊ वर्षं पुरुष एकटा राहतो होय? दुसरीच्या हातचा चहा गोड लागत असणार."

वहिनी हसून म्हणाली, "गोड असेल तर पिऊ दे. निदान उपाशी तर नाही ना!" घरी येऊन मात्र तिनं पीठ इतकं मळलं, इतकं मळलं, की त्या दिवशीचे नान दगडासारखे झाले.

दादा गेल्यावर दुसऱ्याच वर्षी लागवडीचं काम निघालं. वनखात्याचा एक साहेब आला, कुरबानियाझ नावाचा, गोदामातलं साक्सौलचं बी पोत्यांत घेऊन. बायकांना मजुरीवर घेतलं, त्यात आम्ही दोघीही होतो. वहिनीनं एक बी उचललं, त्याचे पातळ पंख खुडले आणि नखानं दाबलं.

"साहेब, हे मेलंय."

"कागदावर ताजं लिहिलंय, ताई."

"मग कागदच पेरा. जिवंत बियात हिरवं वेटोळं असतं, गोगलगायीसारखं. यात भुसा आहे."

साहेब हसला. पेरलं. वसंतात एक कोंब दिसला नाही.

पुढच्या हिवाळ्याआधी वहिनी जुन्या कबरस्तानात गेली. तिथल्या झाडांना दादानंही कधी साखळी लावली नव्हती. पीराच्या जागेतलं लाकूड घरात आणत नाहीत. त्या अकरा झाडांखाली आम्ही चादरी अंथरल्या, काठ्यांनी फांद्या झोडल्या. बी केसांत, कॉलरमध्ये, तोंडात. सावलीत पातळ पसरून वाळवलं. जानेवारीत जमिनीवर बोटभर बर्फ होतं तेव्हा चर काढून पेरलं. कुरबानियाझ या वेळी हसला नाही. उलट नखानं बी दाबून बघायला शिकला.

मार्चमध्ये दोऱ्यासारखे कोंब आले. त्यातले निम्मे सशांनी खाल्ले, बरेच उन्हानं जाळले आणि उरलेल्यांत माझ्या शेळ्या शिरल्या. वहिनीनं त्या हाकलत माझ्या दारात आणल्या.

"पातिमा, पुन्हा यांना तिकडं पाहिलं तर शोरबा करून तुलाच वाढीन!"

"माझ्या भावाचं रान ना ते? मग माझ्या शेळ्यांचा हक्कच आहे."

तिनं शेळ्या हाकायची काठी खाली टाकली. मग हळूच म्हणाली, "त्याला यातलं काही सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला."

"का ग?"

"त्यानं तोडलं ते बायको लावत बसलीय, हे कानावर गेलं तर तो लाजेनं परत यायचाच नाही."

मी शपथ पाळली. शेळ्यांनाही बांधून ठेवलं.

शंभरातलं एखाद-दुसरंच वाचायचं. पण वहिनी दर वर्षी पेरत गेली. दादा गेल्याच्या आठव्या वर्षी पहिल्या पेरणीची झाडं तिच्या डोक्यावरून गेली. झाडांमधल्या वाळूत गवत धरलं. एका सकाळी तिनं मला हाताला धरून नेलं. वाळूत बदामासारखे दोन-दोन ठसे होते. जेरान हरणं आली होती. वीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. वहिनी ठशांजवळ बसली आणि रडायला लागली.

"अग, आनंदाची गोष्ट आहे!"

"जनावरांना कळलं बघ," ती म्हणाली. "जनावरं आली."

पुढच्या एप्रिलमध्ये दादा आला. बांधकामाच्या परांचीवरून पडून त्याची पाठ गेली होती. काठी टेकत उतरला, तेव्हा गाडीतून कुणाचा तरी बाप उतरतोय असं मला वाटलं. वहिनीनं त्याची पिशवी घेतली आणि पुढं चालू लागली. दारात आल्यावर तो थांबला. भिंतीकडं, अंगणाकडं बघत राहिला.

"वाळू?" त्यानं विचारलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला रानात नेलं. पहिल्या झाडापाशी त्यानं काठी सोडली आणि दोन्ही हातांनी बुंधा धरला.

"हे कुणी लावलं?"

मीच म्हणाले, "तुझ्या बायकोनं."

मग तो तिला म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असता का तुम्ही?"

"लवकर आलो असतो," दादा म्हणाला. "कागदपत्रांचं खोटं होतं. तू 'तिथंच आहे' म्हणायचीस, आणि मला वाटायचं माझं मन राखतेय. घर वाळूखाली गेलं असणार. माझ्यामुळं गेलं. कुठल्या तोंडानं यायचं?"

वहिनीनं वाळूत पडलेली त्याची काठी उचलली. मी तिच्याकडं बघू शकले नाही. शपथ तिची होती, पण ती पाळली मी. एक फोन मीही करू शकले असते.

आता तीन वर्षं झाली. बी गोळा करायला दादा येतो, उभं राहवत नाही म्हणून बसून चादरीचं टोक धरतो. शेजारच्या गावातल्या बायका वहिनीकडून बी घेऊन जातात, आणि ती प्रत्येकीला आधी एक बी फोडून दाखवते. त्या नऊ वर्षांबद्दल दोघं बोलत नाहीत. मी एकदा विचारलं.

"काय बोलायचं, पातिमा?" ती म्हणाली. "ताट वाढताना हात थांबतो माझा. मी वाट बघत होते तो माणूस काळ्या केसांचा होता. हा माझाच आहे, ह्याच्यावर जीवही आहे. पण त्या दुसऱ्याची आठवण अजून येते."

एवढं बोलून ती उठली. विहिरीच्या अंगानं पश्चिमेची बाजू अजून मोकळी आहे, आणि बर्फ पडायच्या आत चर आखून ठेवायचे होते.