दुवेसाठी थांबलेली गाडी

तोकमोक गावच्या कारबाजारातल्या कितीतरी गाड्या कालमुर्झाने चालवत आणलेल्या, पण त्याची स्वतःची एकही नव्हती. जॉर्जियात जायचं, तल्गारबेक व्यापाऱ्याने ठरवलेली जुनी गाडी ताब्यात घ्यायची, रशिया, कझाकस्तान तुडवत आणायची आणि किल्ली त्याच्या हातात ठेवून स्वतः बसने घरी जायचं. यातच त्याचे केस पिकले.

बायकोचा, बुरुलचाचा, एक गुडघा वाकेनासा झाला होता. मिनीबसमध्ये तिला बसता येईना, आणि टॅक्सीवाले तिचा ताठ पाय बघून पुढे निघून जात. दोलोन घाटापलीकडे, आत-बाशीच्या बाजूला, तिची थोरली बहीण उमसुनाय अंथरुणाला खिळलेली. आईमागे बुरुलचाला तिनेच वाढवलं होतं. "डोळे मिटायच्या आत एकदा तोंड दाखव गं," ती फोनवर म्हणायची. म्हणून या खेपेला कालमुर्झा स्वतःसाठी गेला आणि पाय लांब सोडून बसता येईल अशी उंच सीटची गाडी घेऊन आला.

गल्ली लोटली. नव्या सुनेचं मुख पाहावं तशी बायकांनी गाडी पाहिली, काचेवर नोटा ठेवल्या. शेजारचा झानिश म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मलाही न्या. बाजारातल्या त्या लुटारूंच्या पाया कोण पडणार?"

"चल की!" कालमुर्झा सगळ्यांदेखत गरजला. "रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?"

बिचाऱ्याची जीभ आनंदाने सैल सुटली, दुसरं काय! पण जो तो आपली गाडी आपणच आणू लागला, तर बाजारात माशा मारायच्या का? तल्गारबेक तोंडावर काही बोलला नाही. एवढंच झालं, की दुसऱ्या दिवसापासून एकही मेकॅनिक कालमुर्झाच्या गाडीला हात लावेना आणि गावभर बोभाटा झाला, की ती पुरात बुडालेली गाडी आहे.

त्याचंही कालमुर्झाला काही वाटलं नसतं. घोडं अडलं ते दुवेपाशी. नवी गाडी आली की गल्लीतल्या सर्वांत वडीलधाऱ्याने हात पसरून तिला दुवा द्यायची, मेंढी कापायची, आणि मगच घरच्यांनी प्रवासाला निघायचं. आणि गल्लीतले वडीलधारे कोण, तर अल्तिमिश आजोबा, तल्गारबेकचे सख्खे वडील.

कालमुर्झा टोपी हातात घेऊन त्यांच्या दारी गेला.

"शुक्रवारी येतो, पोरा," आजोबा म्हणाले. शुक्रवारी आले नाहीत. पुन्हा गेला तर त्यांची कंबर धरलेली. तिसऱ्यांदा त्यांनी नजर चुकवली. "बुडालेल्या गाडीवर दुवा कशी द्यायची रे? उद्या काही झालं तर बोल मला लागेल."

कालमुर्झाने गाडीतले गालिचे उचकटून अंगणात पसरले. "या, बघा, चिखलाचा एक कण दाखवा!" लोकांनी लांबूनच मान डोलावली. अंगणात बांधलेली मेंढी मात्र खाऊन खाऊन गुबगुबीत झाली.

"वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याला आणतो," तो वैतागून म्हणाला.

बुरुलचाने कानांवर हात ठेवले. "अहो, आपल्या गल्लीचा म्हातारा जिवंत असताना? लोक तोंडात शेण घालतील. आणि घाट आहे वाटेत. दुवेशिवाय मी पाऊल ठेवायची नाही."

"तुझी बहीण थांबणार आहे का?"

"थांबेल. ती माझ्यासाठी नेहमीच थांबते."

त्याने तिला हाताला धरून गाडीत बसवायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर खाल्ल्या असत्या! पण रीत त्याच्याही हाडीमाशी खिळलेली. दोघं थांबली.

सकाळी चहा ओतताना भाच्याचा फोन आला. उमसुनाय गेली होती. बुरुलचाने चहा तसाच टाकला, काळा रुमाल बांधला आणि ताठ पाय ओढत स्वतःच गाडीत जाऊन बसली. रीत आठवायला तिला सवडच नव्हती. बुडालेली म्हणून बदनाम झालेली गाडी एकदाही न कुरकुरता घाट चढली. बहिणीचं तोंड दिसलं, पण मिटल्या डोळ्यांचं. दारातूनच बुरुलचाने असा हंबरडा फोडला, की रडणाऱ्या बायाही गप्प झाल्या.

दफन उरकून परत निघताना फाटकाशी कुणी अनोळखी म्हातारा गाढव घेऊन उभा होता. गाडीवरून हात फिरवत त्याने विचारलं, "नवी दिसतेय. दुवा झाली का रे हिची?"

कालमुर्झाने नकारार्थी मान हलवली.

"मग थांबलास कशाला, बाबा?" म्हाताऱ्याने गाढवाचा दोर काखेत धरला आणि तळवे पसरले. "वाट उजळ होवो. जिच्यासाठी घेतलीस, ती हसत उतरो. ओमीन." तोंडावरून हात फिरवला आणि गाढव हाकत तो चालू लागला.

बुरुलचा त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "एवढंच होतं?"