दोन्हीकडं एकच माप

"हिचे वडील मोटारींचं वायंडिंग करतात," सर माईकवर म्हणाले. "म्हणून हिला सगळीकडं शॉर्टसर्किट दिसतं."

हॉल हसला. मीही हसले.

शेवटच्या रांगेत अब्बा बसले होते. नायगावहून सकाळच्या एसटीनं आलेले. इस्त्रीचा शर्ट. लेक नांदेडच्या कॉलेजात काय शिकून राहिली ते बघायला मीच बोलावलं होतं.

सर माझे गाइड. त्यांच्या भाषणानंतर मी फक्त शंका विचारली होती. पुलाच्या खांबाभोवती पाण्यानं किती खोल खड्डा पडतो, हा आमचा पीएचडीचा विषय. काचेच्या लांब पन्हाळीत वाळू भरून, पाणी सोडून दोन वर्षं मापं मीच घेतली. एककं उडावीत म्हणून सरांनी खड्ड्याला पाण्याच्या खोलीनं भागलं. पाण्याच्या वेगाच्या छेदातही तीच खोली बसवली. मग दोन्ही आकडे आलेखावर समोरासमोर मांडले. ठिपके सरळ रेघेत. सर खूश. मी म्हणाले, खोली दोन्हीकडं आहे, ती बदलली की दोन्ही आकडे संगट हलणारच. न भागता मांडलं तर ठिपके सांडलेल्या शेंगांसारखे कुठंही पडतात.

सरांनी त्याचं उत्तर दिलं नाही. बापाचा धंदा सांगितला.

आणि मी म्हणाले, "चुकलं सर." अब्बांच्या देखत.

बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "ते हसले ते हसले. बेटा, तू कामून हसलीस?"

मी त्यांना एसटीत बसवून दिलं.

रविवारी नायगावला त्यांच्या दुकानात बसले. खड्ड्यांची सगळी मापं चिठ्ठ्यांवर लिहिली, डब्यात घालून हलवली. अब्बा एकेक चिठ्ठी काढत गेले. कुठल्याही प्रयोगासमोर कुठलंही माप. मग त्या त्या प्रयोगाच्या खोलीनं सरांसारखंच भागलं. पुन्हा रेघ. जरा विस्कटलेली, पण रेघच.

अब्बा बघत राहिले. "म्हंजे एकच इसम दोन्हीकडून गवाही देऊन राहिला."

"हाव."

"आन् ह्याच्यावर पूल बांधणार?"

जळकोटकडच्या एका पुलाचा पाया किती खोल न्यायचा, ते याच सूत्रानं ठरणार होतं. तेव्हा मी अब्बांना उरलेलं सांगितलं. मागच्या वर्षी याच रेघेचा निबंध एका संशोधन-पत्रिकेत छापून आला. सरांच्या नावाखाली माझं नाव. शंका तेव्हाही होती. छापलेलं नाव दिसलं आणि शंका गिळली. तो कागद अब्बांनी नायगावात दुकानोदुकानी दाखवला होता. हे सांगताना माझी मान वर झाली नाही. अब्बा चिठ्ठ्या गोळा करत राहिले.

सोमवारी सरांनी पुलाचा अहवाल पुढं सरकवला. "मापं तू घेतलीस. सही कर."

मी चिठ्ठ्यांचा आलेख त्याच्या शेजारी ठेवला. "मापं उलटीपालटी केली तरी रेघ येते, सर. मी सही करणार न्हाई."

"मग पीएचडी विसर."

मी आलेख उचलला. सही न करता उठले.

वर्ष गेलं. दुसरे गाइड मिळाले नाहीत. अहवाल माझ्या सहीशिवाय पुढं गेला, असं ऐकलं.

आज त्या पत्रिकेच्या संपादकांना पत्र लिहिलं. पहिलं वाक्य सरांबद्दल नाही. पहिलं वाक्य असं: हा निष्कर्ष खोटा आहे, मला शंका होती आणि मी गप्प बसले. खाली पूर्ण नाव, गाव नायगाव.

उद्या पूल बांधणाऱ्या खात्याच्या ऑफिसात जाणार. दोन्ही आलेख घेऊन. बसवून ठेवलं तर बसेन. परवा पुन्हा जाईन.