सलाईनच्या नळीतला सांधा

माझी जीभ हातापेक्षा चार पावलं पुढंच असते. तेलगावच्या रस्त्यावर मी स्वतःचं गॅरेज टाकलं, त्याच वर्षी दिंद्रुडचे एक गुरुजी त्यांची सेकंडहँड गाडी घेऊन आले. इंजिन थंड असलं तरी पंखा घरघरतोय, डॅशबोर्डवरचा इंजिन-चेकचा दिवा विझत नाही. दिंद्रुडच्या उस्तादांनी टेम्परेचरचा सेन्सर नवा बसवला, तरी तीच रड. याच उस्तादांच्या हाताखाली मी सहा वर्षं काम शिकलो होतो.

"उस्तादांना आता दिसत न्हाई, गुरुजी. त्यांचा जमाना गेला," मी म्हणालो. चहाला टेकलेले चौघं हसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सेन्सरचा प्लग काढून तारेला मीटर लावलं. तिथं पाच व्होल्ट यायला हवेत. तार हलवली की आकडा पाचावरून शून्यावर जायचा. म्हणजे सेन्सर ठणठणीत, तारच कुठंतरी तुटलेली; गाडीला तापमान कळेना, म्हणून पंखा चालूच. "बघा, एवढं पण तपासलं न्हाई त्यांनी," मी पुन्हा ऐकवलंच.

टेप सोलत गेलो. बॅटरीखाली एक सांधा सापडला, वर सलाईनच्या नळीचा तुकडा, आत तार हिरवी पडून कुजलेली. माझे हात थांबले. सांध्यावर ही नळी चढवायची खोड उस्तादांच्या गॅरेजात एकट्या माझी. "आत पाणी कोंडतं, सोल्डर मारून टेप गुंडाळ बे," म्हणून उस्ताद किती ओरडायचे! गाडी आधीच्या मालकाकडं असताना हे काम मीच केलं होतं. मेव्हण्याच्या हळदीला जायची घाई, म्हणून तारा नुसत्या पिळल्या होत्या.

"सापडलं का?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय. जुना सांधा हाय."

कुणाचा, ते सांगितलं नाही. नळी गुपचूप खिशात घातली.

सोल्डर मारलं, पंखा गप्प झाला, दिवा विझला. गुरुजी खूश. म्हणाले, "उस्ताद बोललेच होते मला. 'सेन्सर बदलून पाहिला, पण दोष तारेत दिसतोय, अन् माझी नजर आता पोचत न्हाई. तेलगावच्या रस्त्याला आमच्या पोराकडं जा, तारांच्या कामात त्याचा हात कुणी धरणार न्हाई.'"

ते चौघं अजून तिथंच बसले होते. खरं बोलायला तेव्हाही वेळ होता. मी बोनेट लावलं आणि म्हणालो, "उस्तादांना माझा नमस्कार सांगा."