पूल खचला, सही तुमची

बचत गटातल्या मैत्रिणींनो, दुपारी घाबरले ती अजून सावरले नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी मेघना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आज खोलीचं दार लावून लॅपटॉपवर बोलत होती. आतून एका पुरुषाचा करडा आवाज आला, "पूल खचलाय. कागदावर सही तुमची आहे. कॅमेऱ्याकडे बघून सांगा, जबाबदार कोण?"

पोर बारीक आवाजात म्हणाली, "सर, मी."

खोट्या पोलिसांचे व्हिडिओ कॉल येतात, हे आपल्याच गटात वाचलेलं. मी देवाचं नाव घेतलं आणि घराचा मेन स्विच बंद केला. वायफाय गेलं.

मेघना धावत बाहेर आली. "आये, काय केलंस गो ह्यां? इंजिनिअरांच्या संस्थेची सरावाची मुलाखत होती ती. नोकरीची खरी पुढच्या आठवड्यात आसा."

"मगे तो तुका इतको कित्याक दरडायत होतो?"

"भिती मोडूक."

संस्थेच्या साहेबांनी संध्याकाळी पुन्हा वेळ दिली. मी देवापुढे साखर ठेवून स्विचपासून लांब बसले. तिने उत्तरं नीट दिली. तिची भीती मोडली असेल.

माझी नाही. उद्या खरंच कुठल्यातरी पुलाच्या कागदावर तिची सही असेल. तेव्हा मी कुठला स्विच बंद करू, सांगा.