ताईचं आडवं होणं

ताई गेल्याचा भाऊजींचा फोन आला तेव्हा मी सौंसरला शाळेत शिकवत होते. रडत म्हणाले, "झोपल्या झोपल्याच गेली बिचारी." बिचारी! त्या घरात कालपर्यंत तिचं झोपणं म्हणजे आळस होता. आता महिना उलटून गेला, तो 'बिचारी' डोक्यातून निघाला नाही... आणि मी काढणारही नाही.

शोभाताई माझी मोठी बहीण, पांढुर्ण्याला दिलेली. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप बिघडली होती, हे लग्नाआधीच सांगून दिलं होतं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. मी कॉलेजात जावं म्हणून स्वयंपाकापासून कापूस वेचण्यापर्यंत सगळं तिनं ओढलं. तेव्हा तिला कोणी आळशी म्हणालं नाही. मागल्या उन्हाळ्यापासून भाकरी थापायला बसली की तिला दम लागायचा, आडवी झाली की उतरायचा. सासूनं नेमकं तेच धरलं. त्यांचे सासरे हृदयानंच गेलेले, रात्रभर उशीला टेकून बसायचे. "दिलाचा बीमार कधी लेटते का? हे तं टांगा पसरून राहिली, महाराणी!" तिथला डॉक्टरही म्हणाला, "झडपेचा पेशंट आडवा झाला की गुदमरतो. हिचं उलटं आहे. मनाचं आहे." ताई हसून मला म्हणायची, "काय करू बाई, माह्यं दिलच उलटं दिसते."

शेवटी मीच तिला बसनं नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी इको केला. झडप खराब होतीच, पण आतल्या कप्प्यात देठाला लोंबकळणारी गाठही होती. दोन्ही एकत्र क्वचितच दिसतं, म्हणाल्या. बसलं की गाठ झडपेच्या तोंडाशी येऊन रक्त अडवते, आडवं झालं की मागं सरकते. ताई खरं तेच सांगत होती. ऑपरेशनची तारीख मिळाली, पण तो दिवस यायच्या आधीच ती गेली.

तेरवीच्या पंगतीत मी उभी राहून हे मोठ्यानं सांगितलं. सासू म्हणाल्या, "आता काहाले काढून राहिली वो? आम्हाले काय मालूम?"

"तिनं सांगितलं होतं, मावशी. रोज."

आता भाचीला भेटायला म्हणून मी रविवारी पांढुर्ण्याला जाते. भर दुपारी, समोरच्या खोलीतल्या तखतावर, सासूच्या डोळ्यांदेखत टांगा पसरून पडते. त्या भाजी निवडत राहतात, मान वर करत नाहीत. मला झोप येत नाही. मी वाट पाहते... एकदा तरी मला 'महाराणी' म्हणून दाखवा.