चारशे बारा युनिट परत

इंटरकॉमवर शेठचा आवाज आला. “वंदनाजी, कॉन्फरन्स रूम में आओ. अभी के अभी.”

शेठ मला एरवी ‘बेटा’ म्हणत. ‘जी’ लावलं की समजायचं, काहीतरी शेकणार. हातातली केबल तशीच टाकून मी पळाले.

टेबलाच्या एका बाजूला शेठ, चेहरा पांढराफटक. समोर देसाई साहेब, पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतून आमच्या फॅक्टरीचं ऑडिट करायला आलेले. हे ऑडिट हिशेबाचं नव्हे. आमचा माल घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी ती कंपनी आम्हाला बघायला आली होती, मुलगी बघायला येतात तशी. दाराशी टेस्टिंगचे भोईरमामा उभे, त्यांनाही बोलावणं गेलं होतं. आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर काळं आकाश, त्यात गरगर फिरणारा एक वेडावाकडा दगड, आणि खाली ठळक इंग्रजीत: ‘युनिट्स रिटर्न्ड: ४१२. रिजेक्टेड: ९. हॅझार्डस ऑब्जेक्ट: येस.’

आम्ही अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत डोसिंग पंप बनवायचो. डोसिंग पंप म्हणजे केमिकल मोजून थेंबाथेंबाने सोडणारा छोटा पंप. एका पंपाला आमच्याकडे ‘युनिट’ म्हणत. ग्राहकाने माल परत पाठवला की ‘रिटर्न’. तपासणीत नापास झाला की ‘रिजेक्शन’. आणि त्याच सकाळी शेठनी ऑडिटच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, वर्षभरात परत आलेली युनिट्स: शून्य.

“चारसौ बारह!” शेठ म्हणाले. “कब आया वापस? मेरे को चरिया समझ के रखा है क्या सबने?” चरिया म्हणजे सिंधीत वेडा. आमच्या उल्हासनगरात हा शब्द शाळेत जायच्या आधी शिकतात.

“मॅडम, मना काय समजं नाय,” भोईरमामा म्हणाले. ते बदलापूरजवळच्या चामटोलीचे, पंपावर कान ठेवून त्याचा दोष सांगणारे. “वर्षात आपण बनवलं तीनशे. चारशे बारा परत येतील कसं?”

देसाई साहेब मान खाली घालून बसले होते. वहीत लिहीत होते. ऑडिटर बोलतो तोवर ठीक असतं.

मला एका क्षणात सगळं समजलं. आधी हसू फुटायची वेळ आली, आणि लगेच मी ते गिळलं. कारण ती चारशे बारा युनिट्स माझी होती.

ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. मी तिथे सिस्टिम्स बघायची, म्हणजे सतरा कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि प्रिंटरमध्ये अडकलेले सगळे कागद. मला आकाशाचं वेड होतं. तेव्हा इंटरनेटवर एक उपक्रम सुरू होता. पृथ्वीच्या जवळून जाणारे दगड, म्हणजे लघुग्रह, पुढे कोणत्या वाटेने जातील याचं गणित फार मोठं असतं. एका कॉम्प्युटरला ते झेपत नाही. म्हणून मुख्य केंद्र त्या गणिताचे तुकडे करून जगभरातल्या हौशी लोकांच्या कॉम्प्युटरवर पाठवायचं. चाळीत पापड करतात तसंच. एकीने पीठ मळायचं, लाट्या घरोघर वाटायच्या, ज्याला वेळ मिळेल त्याने लाटून परत द्यायचं. आपला कॉम्प्युटर रिकामा बसला की तो आपल्या वाटणीचा तुकडा सोडवतो, परत पाठवतो, आणि स्क्रीनवर आपल्या सगळ्या कॉम्प्युटरची मिळून बेरीज दाखवतो. त्या तुकड्याला म्हणतात ‘युनिट’. परत पाठवलं की ‘रिटर्न्ड’. आणि पृथ्वीच्या फार जवळून जाणारा दगड असला, की ‘हॅझार्डस’, धोकादायक.

जगातले इतके शब्द सोडून त्यांनी नेमके आमच्या धंद्याचे शब्द उचलले होते.

चोरून केलं नव्हतं मी. शेठना विचारलं होतं, सर, कॉम्प्युटर रिकामे असतात, शुक्रवारी तर अख्खी एमआयडीसी सुट्टीवर, लोकांच्या उपयोगाचं एक काम चालवू का? शेठ फोनवर होते. हाताने रिसीव्हर झाकून म्हणाले, “सेवा है? तो करो, बेटा.” सेवेला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण कागदावर काही नव्हतं. आणि मी अजून प्रोबेशनवर होते. पालेगावला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघून ठेवला होता, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका खोलीत आम्ही पाच जण राहत होतो, आणि बँकवाले म्हणत होते, आधी परमनंटचं लेटर आणा. लेटर टाइप होऊन शेठच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. “ऑडिट होने दे, फिर साइन करता हूं,” असं ते म्हणाले होते.

“सर,” मी म्हटलं, “हे पंप नाहीत. हे दगड आहेत.”

“पत्थर? अपने पंप में पत्थर?”

“पंपात नाही सर. आसमान में.”

शेठनी छताकडे बघितलं. भोईरमामांनीही बघितलं.

देसाई साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. “हॅझार्डस लिहिलंय. तुमच्या फॉर्मवर हॅझार्डस मटेरियल ‘नाही’ आहे. हे कुठे साठवता?”

“साठवत नाही सर. ते सूर्याभोवती फिरतं.”

त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग मी सगळं सांगितलं, पापडांसकट. शेठच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. “सेवा! हां, हां, मैंने ही बोला था,” ते म्हणाले. मला वाटलं, सुटले. फ्लॅटच्या खिडकीत पडदा कोणत्या रंगाचा लावायचा इथपर्यंत मी पोचलेसुद्धा.

पण देसाई साहेब क्वालिटीतला माणूस. त्यांना ना आकाशात रस, ना सेवेत. त्यांनी पेनाचं टोक स्क्रीनवर ठेवलं. “हे नऊ रिजेक्ट का झाले?”

मी सांगितलं, तोच तुकडा केंद्र दोन वेगळ्या ठिकाणी पाठवतं. उत्तरं जुळली तर पास. नाही जुळली तर तिसऱ्याकडून करून घेतात आणि चुकलेल्याचं रद्द करतात.

“म्हणजे नऊ वेळा तुमचा कॉम्प्युटर चुकला. कोणता?”

हे मी कधी बघितलंच नव्हतं. बेरीज वाढतेय एवढ्यातच मी खूश. उपक्रमाच्या वेबसाइटवर प्रत्येक कॉम्प्युटरची यादी असायची. ती उघडली. नऊच्या नऊ रिजेक्ट एकाच पीसीचे. मी नाव वाचलं.

टेस्टिंग रूमचा पीसी. पंप किती केमिकल सोडतो याचं गणित करून टेस्ट सर्टिफिकेट छापणारा. ज्याच्या भरवशावर ही पुण्याची कंपनी आमचा माल घेणार होती, तोच.

स्क्रीन माझ्याकडे होता. देसाई साहेबांचा चष्मा टेबलावर. ‘वेगवेगळे आहेत सर’ एवढे तीन शब्द पुरले असते. शेठही माझ्याकडे असे बघत होते की तेच म्हण. मला खूप भीती वाटली, हे कबूल करते. पण चुकीचं मोजून केमिकल सोडलं तर पुढे कोणाच्या पाण्यात काय जाईल, तेही मला माहीत होतं.

“टेस्टिंगचा आहे सर,” मी म्हटलं.

शेठनी डोळे मिटून घेतले.

आम्ही चौघे टेस्टिंग रूमकडे निघालो.  तिथे पोचलो आणि कारण शोधायलाच लागलं नाही. पीसीच्या डब्याला झेंडूचा हार घातलेला होता. सुकलेला, जाड, मागच्या पंख्याच्या जाळीवर नीट बसवलेला. अर्ध्या पाकळ्या आत गेल्या होत्या. डब्याला हात लावला तर चटका बसला.

दसऱ्याला फॅक्टरीत मशीनपूजा होते. भोईरमामांनी पंपाबरोबर कॉम्प्युटरलाही हार घातला होता. कॉम्प्युटर फार तापला की बंद पडावा, तर बरं. कधीकधी तो बंद न पडता चुकीची उत्तरं देतो, आणि तीही ठामपणे. ती खोड काही माणसांतही असते.

“मामा, दसरा होऊन महिना झाला,” मी म्हटलं. “हार काढायचा नाही का?”

“देवाचा हार हाय तो, मॅडम. आपल्या हातान काराचा नसतं. सुकून परल तवा परल. पन तुमी तर रोज येता हितं. तुमी का नाय बोललात?”

बरोबर होतं त्यांचं. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्यामुळे मी पूजेला नव्हते, रजेवर होते. परत आले तेव्हा हार दिसला होता. पण आमच्या घरी ही पूजा नाही. आपण दुसऱ्यांच्या पूजेच्या हाराला हात लावला तर कोणाला काय वाटेल, असं म्हणून मी रोज त्याच्या बाजूने गेले. अख्ख्या फॅक्टरीतले कॉम्प्युटर माझ्या ताब्यात, आणि एका हाराला मी भ्याले. शिवाय त्या पीसीला रिकाम्या वेळी राबवून इतकं तापवलं होतं ते माझ्याच दगडांनी. मामांनी पांघरूण घातलं होतं आणि मी खाली शेगडी ठेवली होती.

हेही मी देसाई साहेबांना सांगितलं. आता लपवून तरी काय उरलं होतं?

त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला. महिनाभरातली सगळी सर्टिफिकेटं मागवली आणि स्टुलावर बसून एकेक हाताने तपासली. दीड तास. शेठ उभेच होते, खुर्ची दिली तरी बसेनात. मामा पुटपुटत होते, बहुतेक देवाशीच बोलत होते.

शेवटचा कागद खाली ठेवून देसाई साहेब म्हणाले, “सगळी बरोबर आहेत. सर्टिफिकेटचं गणित छोटं आहे, त्याला एवढा ताप झाला नाही. पण अजून महिनाभराने झाला असता. तुमच्याकडे हे पकडणारी दुसरी काही व्यवस्था होती?”

“नाही सर,” मी म्हटलं.

“म्हणजे दगडांनी पकडलं.”

ते हसले असावेत. ऑडिटरचं नक्की सांगता येत नाही.

आम्हाला मंजुरी मिळाली. रिपोर्टात एकच शेरा होता: ‘पूजेचे हार उपकरणांवरून त्याच दिवशी उतरवावेत. जबाबदारी: सिस्टिम्स.’ मामांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, “लिवून आलाय ना? मंग काराला हरकत नाय.” पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी त्यांनीच मला फॅक्टरीतून घरी फोन करून सांगितलं, मॅडम, हार उतरवला.

शेठनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावलं. “ले, बेटा.” लेटर होतं, सहीसकट. कामांच्या यादीत टाइप केलेली पाच कलमं आणि खाली पेनाने घातलेलं सहावं, शेठच्या अक्षरात: ‘पृथ्वी पर पत्थर न गिरे, इसका ध्यान रखना.’

बँकेतल्या साहेबांनी सहावं कलम दोनदा वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फाइल पुढे सरकवली. मी अकरा वर्षं तिथे काम केलं. प्रिंटर बिघडले, सर्व्हर बसला, पहिल्या पाच कलमांवरून वेळोवेळी बोलणीही खाल्ली. सहाव्यावरून कधी एक शब्द ऐकावा लागला नाही.