तास भरणारं मशीन

आमचे हे सव्वीस वर्षं क्रेन चालवतायत. साठ फुटांवरून लोखंडी तुळई अलगद टेकवतील, पण घरात पेला ठेवतील तो आदळूनच. घोरता घोरता एकदम गप्प व्हायचे, श्वासच बंद! मी जीव मुठीत धरून बघत राहायची. छातीला वायरी लावून चोवीस तासांचा ईसीजी काढला, तेव्हा कळलं की झोपेत श्वास अडकला की ठोकाही अडकतो. चार-चार सेकंद!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपताना हा मास्क लावा. मशीन हवा देत राहील, श्वास अडणार नाही. बहुतेक ठोकेही सुधारतील. मशीन किती तास चाललं ते त्यातच नोंदलं जातं. तीन महिन्यांनी बघू."

तोवर क्रेन बंद, गोदामात बसायचं. सगळा राग माझ्यावर. वर मला म्हणाले, "मशीनच्या आवाजानं तुझी झोपमोड नको, बाहेरच्या खोलीत झोप." मला वाटलं, काय ही काळजी! कसली काळजी अन् कसलं काय.

तीन महिन्यांनी मशीनमध्ये रोजचे सात तास भरलेले, आणि ईसीजीत ठोके तसेच थांबलेले. बाई म्हणाल्या, "मशीन वापरूनही फरक नाही, म्हणजे दोष हृदयातच दिसतो. पेसमेकर बसवावा लागेल."

"मग क्रेन?" ह्यांनी विचारलं.

"कठीण आहे."

घरी येऊन न जेवताच आडवे झाले. मी चहा घेऊन गेले तर मशीन सूं सूं करतंय आणि मास्क खुर्चीला टांगलेला. पडदा हलत होता नुसता.

क्रेनला तासांचं मीटर असतं. काम नसलं तरी इंजिन चालू ठेवायचं, तास भरतात, साहेब खूश. तीच अक्कल इथं पाजळली होती!

"अहो, तिकडं बाई छाती चिरायला निघाल्यात आणि तुम्ही पडद्याला हवा देताय?"

ह्यांनी मास्ककडं बोट केलं. मग म्हणाले, "बाबा गेले तेव्हा त्यांच्या तोंडावर असाच होता. लावला की वाटतं, आता माझी पाळी."

सासऱ्यांचा तो मास्क मीच काढून ठेवला होता. पण रागही आवरेना. "मग सांगायला काय दातखीळ बसली होती?" म्हटलं, आणि तिथूनच बाईंना फोन लावून सगळं सांगून टाकलं. पेसमेकरचा बेत थांबला.

त्या रात्री मास्क हातात घेऊन म्हणाले, "झोप लागेपर्यंत बस इथं. दहा मिनिटं."

बसले. रोज बसते. दोन महिन्यांनी ईसीजीत एकही ठोका थांबलेला नव्हता. परवा क्रेनवर चढले, आणि खालच्यांना ओरडून सांगत होते, "माझं हृदय मुळातच ठणठणीत!"

हो ना, ठणठणीत! दहा मिनिटं बस, एवढं म्हणायला तीन महिने लागले ह्या माणसाला.